ब्राझीलमधल्या सीरियन लोकांना 'तुर्क' का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की ब्राझीलमध्ये इतके सीरियन कधी पोचले आणि त्यांना तिथे 'तुर्कु' का म्हणतात. कामानिमित्त मी तीन वर्षं साओ पाउलोत काढली, तेव्हा हा शब्द रोज कानावर पडायचा.

थोडक्यात सांगायचं तर, कागदपत्रांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही माणसं निघाली तेव्हा सीरिया नावाचा वेगळा देशच नव्हता. दमास्कस, होम्स, बैरूत, सगळं ऑटोमन सुलतानाच्या राज्यात. बोटीतून उतरणाऱ्याच्या हातात तुर्की कागद, मग बंदरावरचा कारकून दुसरं काय लिहिणार? खरं तर यातले बहुतेक जण अरबी बोलणारे ख्रिश्चन. १९०९ नंतर ऑटोमन सैन्यात ख्रिश्चनांचीही सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हा ती चुकवायला कित्येक तरुण पळाले. आणि इथे येऊन तुर्क ठरले!

ब्राझीलच्या सरकारला मजूर हवे होते कॉफीच्या मळ्यांसाठी. १८८८मध्ये गुलामगिरी बंद झाली होती, इटालियन कुटुंबं भरभरून येत होती. सीरियन मात्र मळ्यात फारसे राबले नाहीत, त्यांनी पाठीवर पेटी घेतली. पेटीत सुया, दोरे, फिती, बटणं, आरसे, जपमाळा. आपल्याकडे कासार जसा बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचा तसं, फक्त हा गडी लाकडी खुळखुळा वाजवत यायचा. मळ्यातल्या मजुराला एरवी मालकाच्याच दुकानातून चढ्या भावाने घ्यावं लागे. हा दारात येऊन द्यायचा, तेही उधारीवर. अशा फेरीवाल्याला तिथे 'मस्काची' म्हणतात. हा शब्द मस्कतवरून आला असं सांगतात. पोर्तुगीजांनी गोव्याच्या तीन वर्षं आधी, १५०७मध्ये घेतलेलं तेच मस्कत.

चार पैसे जमले की पेटी खाली ठेवून दुकान टाकायचं, आणि गावाकडून नव्या पोराला बोलावून पेटी त्याच्या पाठीवर द्यायची. माल अर्थातच आपल्याच दुकानातून. साओ पाउलोतला '२५ मार्च रस्ता' असाच त्यांच्या घाऊक दुकानांनी भरला. आता तिथे चिनी आणि कोरियन दुकानंही भरपूर आहेत, पण बटणं-लेस-मण्यांची जुनी दुकानं अजून सापडतात. दिवाळीच्या तोरणाचं सामान मी तिथूनच आणलं होतं. गल्ल्यावरच्या आजोबांना भीत भीतच विचारलं, तुम्हाला तुर्कु म्हटलेलं चालतं का? ते हसून म्हणाले, "उधारी बुडवणाऱ्याने म्हटलेलं चालत नाही."

तिथला एक जुना विनोद आहे : बोटीतून उतरला की तुर्क, दुकान टाकलं की सीरियन, श्रीमंत झाला की लेबनीज. त्यात तथ्य आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी लेबनॉन वेगळं काढलं, त्यामुळे आधी एकाच बोटीने आलेल्यांचे मागाहून दोन देश झाले. साओ पाउलोत या समाजाने काढलेल्या इस्पितळाला म्हणूनच दोन्ही नावं आहेत, 'सीरियन-लेबनीज'. अदमा जाफेत नावाच्या बाईंनी आणि समाजातल्या इतर बायकांनी १९२१मध्ये त्यासाठी संस्था काढली. पण इमारत उभी राहिल्यावर १९४३मध्ये सरकारने ती लष्करी विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी ताब्यात घेतली, ती परत मिळाली थेट १९५९मध्ये. इस्पितळ उघडलं १९६५ला. आज देशाचे राष्ट्राध्यक्षसुद्धा उपचाराला तिथेच जातात.

शेजारच्या अर्जेंटिनात तर सीरियन फेरीवाल्यांच्याच घरातून आलेला कार्लोस मेनेम १९८९मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. लोक त्यालाही 'एल तुर्को'च म्हणायचे.

खाण्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. किब्बे (खिमा आणि दलियाचा तळलेला गोळा) आणि एस्फिहा (खिमा पसरलेली छोटी रोटी) तिथल्या कुठल्याही बेकरीत मिळतात, आपल्याकडच्या समोशाइतक्या सहज. त्यांची सगळ्यात मोठी स्वस्त साखळी १९८८मध्ये काढली ती एका पोर्तुगीज माणसाने. २०१३पासून ब्राझीलने युद्धातून सुटलेल्या सीरियनांना व्हिसा द्यायला सुरुवात केली, त्यातला एक जण आमच्या ऑफिसखाली खाण्याची गाडी लावायचा. दमास्कसचा. त्याचं किब्बे खाऊन माझा ब्राझिलियन सहकारी त्याला अगदी प्रेमाने म्हणाला, "छान आहे, पण किब्बेत चीज घालतात, तुला कोणी शिकवलं नाही वाटतं?"