रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी ‘डिस्क बल्ज’ लिहिलंय, ऑपरेशन करावं लागेल का?

प्रश्न: मी ४७ वर्षांची, शाळेत शिकवते, दिवसभर उभंच राहावं लागतं. कंबर तीनेक महिने दुखतेय, आता डाव्या पायातही कळ जाते, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने खाली, आणि अंगठ्याला मुंग्या येतात. एमआरआयमध्ये एल३-एल४, एल४-एल५, एल५-एस१ असं तिन्हीकडे बल्ज, डिस्क डेसिकेशन, लॉर्डोसिस कमी आणि एल४-एल५ला डावीकडे नस दबलीय असं आलंय. घरचे म्हणतात मणक्याच्या ऑपरेशनने पाय जातात. खूप घाबरलेय.

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, रिपोर्टमधल्या निम्म्या गोष्टींची भीती सोडून द्या. डेसिकेशन म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी झालंय, ते वयाप्रमाणे होतंच. २०१५ साली ३००० हून जास्त लोकांच्या स्कॅनचा एकत्र अभ्यास छापून आला होता, त्यातल्या कोणालाही कंबरदुखी नव्हती, तरी पन्नाशीच्या माणसांत साधारण ६० टक्के जणांना बल्ज, म्हणजे गादी थोडी बाहेर फुगलेली, आणि ८० टक्के जणांना गादी झिजलेली दिसली. म्हणजे बल्ज दिसला म्हणून दुखणं त्यामुळेच आहे असं नसतं. लॉर्डोसिस, म्हणजे कंबरेचा नैसर्गिक बाक, कमी हे तर बऱ्याचदा स्नायू आखडल्यामुळे किंवा मशीनमध्ये झोपल्यामुळेही दिसतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये कामाची ओळ एकच, एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, डावीकडची. तिथे सहसा एल५ ही नस दबते, आणि ती नस पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्यापर्यंत जाते, तुमची कळ अगदी तशीच चाललीय. चित्र आणि त्रास जुळतायत, म्हणून ते खरं मानायचं. बाकी दोन बल्ज सध्या बाजूला ठेवा.

आता घरी एक बघा, भिंतीजवळ उभं राहून टाचांवर चार पावलं चाला. डावा पंजा वर उचलत नसेल, किंवा अंगठा वर ओढताना उजव्यापेक्षा कमजोर वाटत असेल, तर थांबू नका, दोन दिवसांत स्पाइन सर्जन किंवा न्यूरोसर्जनला दाखवा, फक्त रिपोर्टचा कागद नाही तर फिल्म किंवा सीडीही न्या. ताकद नीट असेल तर घाई नाही, बहुतेकांचा पाय गोळ्या, फिजिओथेरपी आणि थोडं चालणं-फिरणं यावर दीड-दोन महिन्यांत हलका होतो, बाहेर आलेली गादी बऱ्याचदा आपोआप आक्रसतेही. दिवसच्या दिवस पडून राहू नका, त्याने उलट आखडतं. आणि कृपा करून कोणाकडून मणका ‘बसवून’ घेऊ नका, नस दबलेली असताना तर नाहीच.

ऑपरेशनने पाय जातात ही भीती मी रोज ऐकतो आणि मला वाईट वाटतं, कारण या भीतीपोटी पंजा लुळा पडत असताना लोक महिनोन्‌महिने थांबतात, आणि मग ऑपरेशन करूनही ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

ताप, वजन उतरणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा, आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा.