जगायला लायक असावं लागतं का?

प्रश्न : वय ३६. नोकरी आहे, घरचे चांगले आहेत, तरी कुणी 'आयुष्यावर प्रेम कर' म्हणालं की माझं डोकंच फिरतं. मी असं काय केलंय? माझ्याहून हुशार, मेहनती माणसं लवकर गेली आणि मी इथे नुसता टाइमपास करतोय. माणूस या आयुष्याला लायक कशामुळे ठरतो? आणि मित्राचं प्रमोशन झालं की पोटात दुखतं, ते पण नालायकपणातच धरायचं का?

उत्तर : आधी मला सांगा, लायक ठरवणार कोण? जन्माला येताना कुणी इंटरव्ह्यू घेतला नव्हता आणि आता मध्येच कुणी सर्टिफिकेट मागायला येणार नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्येच लिहिलंय की ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही आणता येतं, माणसाला मात्र किंमत नसते, प्रतिष्ठा असते. संयुक्त राष्ट्रांच्या १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलमही तेच म्हणतं, सगळे जन्मतःच प्रतिष्ठेने समान, त्यात कर्तृत्वाची अट कुठेच नाही.

हे पटलं तरी आत उतरत नाही, मान्य. पहिला नंबर आला की लाड आणि नापास झालो की अबोला, असं बघत मोठे झालो की आपण स्वतःलाही तसंच वागवतो. अल्बर्ट एलिस हे मानसशास्त्रज्ञ सांगायचे की मार्क कृतीला द्या, अख्ख्या माणसाला नको, म्हणजे काम बिघडलं तर काम बिघडलं एवढंच म्हणायचं, 'मी वाया गेलो' हे पुढचं शेपूट जोडायचं नाही. करताना दमछाक होते पण सवयीने जमतं. आणि जी माणसं गेली त्यांच्या वाट्याचं तुम्ही काही हिसकावलेलं नाही.

राहिलं प्रेम. आयुष्यावर घाऊक प्रेम कुणालाच करता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे (जे सांगत फिरतात त्यांनाही नाही), ते किरकोळीतच होतं, एखाद्या माणसावर, एखाद्या कामावर, आणि त्यासाठी आधी मूड यायची वाट बघायची नसते. डिप्रेशनच्या उपचारातसुद्धा आधी छोटी कृती करायला लावतात, बरं वाटणं मागून येतं. पण पूर्वी आवडायचं त्यातलं काहीच दोन आठवडे किंवा जास्त दिवस आवडेनासं झालं असेल तर हा लायकीचा प्रश्न नाही, तब्येतीचा आहे, डॉक्टरला दाखवा. आणि जगूच नये असं मनात येत असेल तर आजच, थांबू नका, जवळच्या कुणाला तरी सांगा आणि सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

पोटात दुखण्याचं म्हणाल तर ते सगळ्यांना दुखतं, अभिनंदनाचा मेसेज पाठवताना सुद्धा. दुखू द्या, मेसेज पाठवा, आणि तुम्हालाही ते प्रमोशन खरंच हवं होतं का ते एकदा बघा, कारण बऱ्याचदा तेच नको असतं.