इलॅस्टिन ‘वाढवणारी’ औषधं : वाचकांचे प्रश्न

इलॅस्टिन म्हणजे त्वचा, धमन्या आणि फुप्फुसं यांना लवचीकपणा देणारं प्रथिन. शरीराला ते नव्यानं बनवायला लावणाऱ्या लहान रेणूंवर प्रयोगशाळांत काम चाललंय, हे खरं आहे. पण त्याची बातमी आली की मागोमाग जाहिराती येतात, आणि मग मला तेच ते प्रश्न येतात. म्हणून काहींची उत्तरं इथे एकत्र देते.

प्रश्न : इलॅस्टिन असलेलं क्रीम रोज लावलं तर ते त्वचेत मुरतं का? (नाशिक)

नाही. त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू आत जातात. इलॅस्टिनचा कच्चा रेणू ट्रोपोइलॅस्टिन ६० हजार डाल्टनच्या घरातला असतो.

प्रश्न : मग लहान रेणू आत जाऊन पेशींकडून इलॅस्टिन बनवून घेतात, हे तरी खरं ना? माझं वय ५२ आहे. (कोल्हापूर)

पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत काही रेणूंनी हे केलं आहे. मात्र माणसाचं शरीर इलॅस्टिन बनवतं ते मुख्यतः जन्माआधीच्या शेवटच्या महिन्यांत आणि बालपणात. पुढे हे काम जवळजवळ थांबतं. इलॅस्टिनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं झिजायला लागणारा काळ, सुमारे ७० वर्षांचं, म्हणजे तुमच्या धमन्या आणि फुप्फुसं आजही लहानपणी मिळालेल्या साठ्यावरच चालली आहेत.

शिवाय नुसतं ट्रोपोइलॅस्टिन बनून भागत नाही. ते फिब्रिलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या सूक्ष्म तंतूंवर नीट बसावं लागतं, मग लायसिल ऑक्सिडेज हे तांब्याच्या मदतीनं चालणारं एन्झाइम ते रेणू एकमेकांना कायमचे जोडतं. दोऱ्याची रिळं ओतली म्हणून कापड विणलं जात नाही. वर्षानुवर्षं उन्हात राबणाऱ्या माणसाच्या मानेची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर इलॅस्टिनसारखा पदार्थ कमी नसतो, उलट जास्त असतो. पण तो गुठळ्या होऊन पडलेला असतो, आणि ती त्वचा पिवळट, जाड, सैल दिसते. त्यामुळे ‘इलॅस्टिन वाढतं’ असा दावा वाचलात की ते नीट विणलं जातं का, हे आधी विचारा. सनस्क्रीन लावा, टोपी घाला. आहे ते टिकवण्याचा तोच भरवशाचा उपाय आहे.

प्रश्न : शेपूनं इलॅस्टिन वाढतं, असा मेसेज आला आहे. रोज खाऊ का? (पुणे)

आवडत असेल तर जरूर खा. शेपूच्या अर्कानं लायसिल ऑक्सिडेजच्या कुटुंबातल्या एका एन्झाइमचं प्रमाण प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये वाढलं, म्हाताऱ्या उंदरांच्या महाधमनीतही नवे तंतू दिसले. तो विशिष्ट अर्क होता, ताटातली भाजी नव्हे. भाजी खाऊन सुरकुत्या गेल्याचा पुरावा नाही.

प्रश्न : आणि व्हिटॅमिन सी? (ठाणे)

त्वचेला मजबुती देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनासाठी आवश्यक. इलॅस्टिन मात्र प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये त्यानं कमी झालं होतं.

प्रश्न : केसांसाठी मिनॉक्सिडिलच्या गोळ्या घेतो. त्यानं त्वचाही घट्ट होते म्हणे. डोस वाढवू का? (संभाजीनगर)

अजिबात नाही. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. उंदरांच्या धमन्यांत त्यानं इलॅस्टिन वाढलं, म्हणून फ्रान्समध्ये विल्यम्स सिंड्रोमच्या मुलांवर छोटी चाचणी झाली. या मुलांच्या सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतःच गळालेला असतो आणि त्याबरोबर इलॅस्टिनच्या जनुकाची एक प्रत जाते, त्यामुळे धमन्या अरुंद राहतात. २०१९ साली निष्कर्ष आले : धमन्यांच्या भिंतींची जाडी कमी झाली नाही. ज्या मुलांना याची खरी गरज होती त्यांनाही उपयोग झाला नाही, तिथे तुमच्या गालांसाठी काय होणार? डोस वाढवलात तर रक्तदाब उतरेल, पाय सुजतील, हृदयाभोवती पाणीही साठू शकतं. चालू डोससुद्धा लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्तदाब मोजून घ्या.

प्रश्न : ट्रेटिनॉइननं त्वचा तरुण होते असं वाचून मेडिकलमधून ट्यूब आणली. आठवड्यात चेहरा उजळला, वांगही फिके पडले. आता आठ महिने झाले. एक दिवस लावलं नाही तर आग होते, गाल लाल होतात, हनुवटीवर लव आली आहे. (सोलापूर)

ताई, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. ट्रेटिनॉइनच्या (हे रेटिनॉइक आम्लच) जोडीला डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन आणि मोमेटॅसोन ही नावं बहुधा दिसतील. मोमेटॅसोन हे स्टिरॉईड आहे. आठवड्यातली ती चमक त्याची होती. ट्रेटिनॉइन इतक्या लवकर काही करत नाही. नुसतं ट्रेटिनॉइन, तेही महिनोन्‌महिने लावल्यावर, बारीक सुरकुत्या थोड्या कमी करतं, आणि त्यातही मोठा वाटा कोलॅजनचा असतो.

स्टिरॉईड नेमकं उलटं काम करतं. त्वचा पातळ होते, आधार देणाऱ्या तंतूंची वीण उसवते, लाल शिरा वर दिसू लागतात. गजकर्णासाठी अशीच मिश्र मलमं जांघेत लावणारी तरुण मुलं माझ्याकडे येतात तेव्हा तिथे बोटभर रुंद ताणाचे पट्टे पडलेले असतात. ते पट्टे आयुष्यभर जात नाहीत. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर वांग जाण्याऐवजी निळसर-काळे डाग बसतात. तीन औषधांचं हे मिश्रण वांगावर आहे, पण ते काही आठवड्यांपुरतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं. सरकारनं २०१८ साली अनेक स्टिरॉईड मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी आणली. तरी ती किराणा मालासारखी विकली जातात, मैत्रीण मैत्रिणीला सुचवते, पार्लरमध्ये लावली जातात. याचा मला मनापासून संताप येतो, कारण बिघडलेला चेहरा घेऊन माझ्यासमोर बसतात त्या तुम्ही. विकणारा कधीच दिसत नाही.

एकदम बंद करू नका, चेहरा भडकेल. ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कसं उतरवायचं ते तेच ठरवतील. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल, तर हे आधी सांगा.

प्रश्न : वडिलांना बिडीमुळे फुप्फुसांचा एम्फिसिमा (आतले हवेचे फुगे फाटून दम लागण्याचा आजार) झाला आहे. रेटिनॉइक आम्लानं फुप्फुसं पुन्हा तयार होतात का? (चंद्रपूर)

१९९७ साली अमेरिकेत मासारो दांपत्यानं उंदरांमध्ये तसं दाखवलं होतं. नंतर माणसांवरच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. धुरामुळे फुप्फुसांत जमणाऱ्या पांढऱ्या पेशींचं इलॅस्टेज हे एन्झाइम तिथले इलॅस्टिनचे तंतू कापतं, म्हणून बिडी आज थांबवणं हाच उपचार आधी. कॅप्सूल मागवू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची आहे. मानेच्या बाजूंना पिवळट बारीक पुळ्या आहेत, त्वचा लोंबते. तीन वर्षं घरगुती तेल लावतो आहोत. इलॅस्टिनचा कोर्स करू का? (रत्नागिरी)

कोर्स नको, तेल नको, आणखी वाटही पाहू नका. असं दिसणाऱ्या एका आनुवंशिक आजारात लवचीक तंतूंत कॅल्शियम साठतं, आणि तो डोळ्याचा पडदाही बिघडवतो. न पाहता निदान करणार नाही, पण त्वचेचा तुकडा तपासणं आणि बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी या दोन्ही गोष्टी लगेच करून घ्या. सरळ रेघा तिला वाकड्या दिसत असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.