‘दऱ्या’ एक, फाइली दोन

प्रश्न असा आहे: फोटोंच्या शीर्षकांवरून प्रोग्रामने फाइलींना नावे दिली, तर एकाच फोल्डरमध्ये ‘दऱ्या-०१’ नावाच्या दोन फाइली दिसतात. शुद्धलेखन तंतोतंत सारखे. मग यातला बरोबर ‘दऱ्या’ कोणता?

दिसायला सारखे असले तरी आतली अक्षरे वेगळी आहेत. ‘दऱ्या’तला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, तीन तऱ्हांनी उमटतो. एक, स्वतंत्र ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण). दोन, साधा र, सुटा नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉयनर (२००डी). लिनक्स काय, विंडोज काय, नावांचे कोड ताडून पाहतात. रूप पाहत नाहीत.

माझ्या मते पहिली तऱ्हा प्रमाण धरावी. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करण्याची युनिकोडची ठरलेली रीत) केले की दुसरी आपोआप पहिलीत बदलते. तिसरी मात्र तशीच राहते. इथे बरेच जण न दिसणारी अक्षरे सरसकट काढून टाकतात, आणि मराठीचा घात तिथेच होतो. जॉयनर गेला की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. डोंगरातली दरी समुद्रात जाते! ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचेही तेच. म्हणून आधी ‘र, हलन्त, जॉयनर’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला, मग एनएफसी करा आणि उरलेले जॉयनर त्यानंतरच काढा.

नावातली नको ती चिन्हे गाळतानाही जपा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ या ‘कोणतेही अक्षर’ सांगणाऱ्या खुणेला मराठी मात्रा आणि हलन्त अक्षरांत धरता येत नाहीत, त्यामुळे ‘किल्ले’चे ‘कलल’ होते. काय ठेवायचे ते सांगण्यापेक्षा काय गाळायचे ते सांगा: तिरकी रेघ, विसर्गासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह, तारका वगैरे.

मेटाडेटातल्या (फाइलीत साठवलेल्या तिच्याबद्दलच्या माहितीतल्या) शीर्षकावरही हीच सफाई चालवा, नाहीतर नाव सापडेल आणि शीर्षक शोधात येणार नाही. फोटोची तारीख एक्झिफमधून (कॅमेऱ्याने फोटोतच नोंदवलेल्या माहितीतून) घ्या. फाइल बदलल्याची तारीख फोटो काढल्याची नसते.

जुन्या फाइलींची नावे बदलण्याआधी नवी नावे एकमेकांशी जुळत नाहीत ना, हे तपासा. तुमच्या त्या दोन ‘दऱ्या-०१’ सफाईनंतर खरोखरच एकाच नावाच्या होतील, आणि लिनक्सवर पायथनची नाव बदलणारी आज्ञा ‘ओएस.रिनेम’ आधीची फाइल न विचारता पुसून टाकते.