वडिलांचा विसरभोळेपणा वाढतोय, पुढे सांभाळायचा खर्च येणार. फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून घेऊ का?

अजिबात नको. मुलाच्या नावावर राहतं घर बक्षीस करायला महाराष्ट्रात मूळ स्टॅम्प ड्युटी फक्त 200 रुपये, म्हणून जो तो हेच सुचवतो. माझ्या दादानेही आईच्या मागे हाच धोशा लावला होता, "शेवटी आम्हालाच मिळणार ना, मग आत्ताच दे." आई नाही म्हणाली, मी तिच्या बाजूने बोलले आणि त्यावरून घरात अबोला झाला.

पुढे आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, डोकं मात्र शाबूत. पेशंट सांभाळणारी ब्युरोची चोवीस तासांची मावशी, डायपर, फिजिओ धरून महिन्याला पस्तीस हजारांच्या वर जायचे. आमच्या मेडिक्लेममध्ये यातलं काही बसेना, आणि सत्तरीपुढच्यांचं ते 5 लाखांचं आयुष्मान कार्डसुद्धा हॉस्पिटलच्या उपचारांसाठी, मावशीचा पगार त्यातून निघत नाही. मग आईला माझ्याकडे आणलं, तिचा फ्लॅट भाड्याने दिला, ते भाडं आणि तिची पेन्शन यावर सगळं भागलं. फ्लॅट दादाच्या नावावर असता तर हे भाडं कुणाच्या खात्यात गेलं असतं?

पेन्शनचं खातं तिच्या एकटीचं, सही तर जमेना. बँकेत म्हणे पेशंटला घेऊन या! रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचाच अधिकारी हवा. तसा लेखी अर्ज दिला तेव्हा ऑफिसर घरी आले. मावशीने पॅड धरलं, आईने डावा अंगठा स्वतः दाबला आणि पदराला शाई लागू नये म्हणून हात लांब धरून बसली.

तुमच्याकडे वेळ कमी आहे. माणसाची समज गेली की आपल्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नीही कायद्याने संपते, मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. त्यामुळे बचत खातं आत्ताच जॉइंट करा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीवर चालणारं. एफडी जॉइंट असली तरी मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या मागतात, तेव्हा एकाच्या सहीवर मोडता येईल असं बँकेला आधीच लिहून द्या. फ्लॅटसाठी मृत्युपत्र, समज शाबूत असल्याच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह, आणि रजिस्टर केलेलं बरं. घर त्यांचंच राहतं.

आणि पावत्या जपा. दादाने आईच्या पैशांचा हिशोब मागितला तेव्हा मी ब्युरोच्या सगळ्या पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या. मी आईचे कान भरले असं तो अजून नातेवाइकांत सांगतो, पण मावशीचा एका महिन्याचा पगारही त्याने दिला नाही.

हे सगळं फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा असेल तर. वडिलोपार्जित असेल तर आधी वकील गाठा. आणि बक्षीसपत्र करूनच बसला असाल तर त्यात सांभाळण्याची अट आहे का बघा, असेल आणि सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली वडील प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज करून ते रद्द करून घेऊ शकतात.