ॲबोरिजिनल चित्रांचा संग्रह सुरू करताना काय पाहावे?

आपण मेलबर्नला नुकतेच स्थायिक झाला आहात, घरासाठी एखादे ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनी काढलेले, चित्र घ्यावे असे आपल्या मनात आहे, आणि ते अस्सल आहे हे कसे ओळखावे असा आपला प्रश्न आहे. मी बारा वर्षांपासून ही चित्रे घेत आहे, म्हणून अनुभवाने सांगतो.

माझे पहिले चित्र मी ॲलिस स्प्रिंग्जमधल्या एका दुकानातून केवळ रंग आवडले म्हणून घेतले. मागे चित्रकाराचे नाव होते, पण ते कोठे रंगवले आणि कोणत्या भूमीविषयी आहे याची नोंद नव्हती, आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक नव्हते. ते चित्र आजही भिंतीवर आहे, परंतु त्याच्याविषयी कोणी विचारले की मला काहीच सांगता येत नाही, याचे वाईट वाटते.

म्हणून चित्राआधी गाव निवडा. वाळवंटातल्या आणि उत्तरेकडच्या अनेक वस्त्यांमध्ये चित्रकारांच्याच मालकीची कलाकेंद्रे आहेत. युएंडुमूचे वार्लुकुर्लंगु १९८५पासून चालू आहे, तर यिर्कलाच्या केंद्रात झाडाच्या सालीवर मातीच्या रंगांनी काढलेली चित्रे मिळतात. केंद्र चित्रकाराला रंग आणि कॅनव्हास पुरवते, चित्र कोणी, केव्हा आणि कोणत्या कथेवर काढले ते लिहून ठेवते, आणि प्रमाणपत्रावर त्याचा क्रमांक घालते. तोच क्रमांक चित्राच्या मागे आहे ना, हे अवश्य पाहावे.

कथेच्या नोंदीला एवढे महत्त्व का, हे समजायला १९७१च्या पापुन्या या वाळवंटातल्या वस्तीकडे जावे लागते. जेफ्री बार्डन हे तेथे शिक्षक असताना वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची कथा रंगवली, त्यानंतर ते लहान फळ्यांवर चित्रे काढू लागले, आणि १९७२मध्ये त्यांनी पापुन्या तुला ही स्वतःची कंपनी काढली. अंगावर आणि जमिनीवर विधीसाठी काढायच्या खुणा अशा रीतीने विकाऊ फळीवर आल्या; त्यांतल्या काही परक्यांना दाखवायच्या नव्हत्या, त्यामुळे लवकरच त्या वगळल्या किंवा ठिपक्यांखाली झाकल्या जाऊ लागल्या. वारल्यांचा लग्नचौक त्याच दशकात भिंतीवरून कागदावर आला, हे आठवले की आपल्याला ही घालमेल परकी वाटत नाही. शिवाय येथे कोणीही कोणतीही कथा रंगवू शकत नाही. तो अधिकार आईवडिलांकडून, आजीआजोबांकडून येतो, आणि चित्रकाराचा मान राखणे याचा अर्थ माझ्या मते प्रथम हा अधिकार ओळखणे हाच आहे.

या अधिकारासाठी चित्रकार एमिली कामे उंगवारे यांचे उदाहरण घ्या. मध्य ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया नावाच्या भागातल्या या बाईंनी वयाची ऐंशी जवळ आली असताना कॅनव्हास हाती घेतला आणि १९९६मध्ये त्या वारल्या. त्यांच्या नावातले ‘कामे’ म्हणजे एका रानकंदाचे बी. त्याच कंदाच्या मुळांचे, काळ्यावर पांढऱ्या रेषांचे, सुमारे आठ मीटर रुंद चित्र त्यांनी १९९५मध्ये काढले आणि ते आपल्याच शहरात, नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या संग्रहात आहे. ते प्रदर्शनात मांडलेले असेल तेव्हा खरेदीपूर्वी एकदा त्याच्यासमोर निवांत उभे राहा.

पैशाविषयी थोडक्यात. चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापालत्जारी यांचे १९७७चे ‘वार्लुगुलाँग’ २००७च्या लिलावात २४ लाख डॉलरला गेले, पण तेव्हा पुनर्विक्रीत चित्रकाराच्या कुटुंबाला वाटा देणारा कायदा नव्हता. २०१०पासून हजार डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यावसायिक पुनर्विक्रीवर ५ टक्के स्वामित्वशुल्क आहे. विक्रेत्याला चित्रकाराला किती रक्कम मिळाली हे स्पष्ट विचारावे, आणि तो इंडिजिनस आर्ट कोडचा, म्हणजे चित्रकारांशी प्रामाणिक व्यवहार करण्याच्या आचारसंहितेचा, सदस्य आहे का हेही पाहावे. उत्तर टाळले गेले तर मी खरेदी करत नाही. डार्विनच्या कलामेळ्यात केंद्रे स्वतः येतात, तेथे लहान चित्रे काही शे डॉलरांतही मिळतात.

आणखी एक. चित्रकाराचे निधन झाल्यावर काही कुटुंबे ठरावीक काळ त्यांचे नाव घेत नाहीत आणि छायाचित्रही दाखवत नाहीत, तेव्हा असे काही इंटरनेटवर टाकण्यापूर्वी केंद्राला विचारून घ्यावे.