खांद्यामागचा कॉक

प्रश्न : हौशी माणसाने घरी बांधलेल्या विमानाला अमेरिकेत उडण्याची परवानगी मुळात मिळते कशी? गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू अशाच विमानाच्या अपघातात झाल्याचे वाचले. ते हौशी बांधणीचे होते म्हणूनच पडले का? – एक वाचक

उत्तर : परवानगीचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौसेखातर किंवा शिकण्यासाठी केलेले असेल, तर अमेरिकेचे संघीय विमान प्रशासन त्याला ‘प्रायोगिक’ वर्गात प्रमाणपत्र देते. कारखान्यात बनणाऱ्या विमानांची मानके त्याला लागू नसतात आणि मूळ आराखड्यात फेरफार करण्याची बांधणाऱ्याला मुभा असते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा संबंध या मुभेशी येतो.

डेन्व्हर यांचे विमान विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरचे ‘लाँग-ईझी’ होते; ते दुसऱ्याने बांधलेले होते, डेन्व्हर यांनी ते वापरलेले म्हणून विकत घेतले होते. दोनपैकी कोणत्या टाकीतले इंधन इंजिनाला द्यायचे ते ठरवणारा कॉक त्या आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांमध्ये, अगदी हाताशी दाखवलेला आहे. (जुन्या मोटारसायकलचा रिझर्व्हचा कॉक चालत्या गाडीवर चाचपून फिरवणाऱ्यांना याचे महत्त्व सांगायला नको.) बांधणाऱ्याला मात्र कॉकपिटमध्ये इंधन नको होते, म्हणून त्याने कॉक मागे नेला आणि त्याची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली. हेतू सुरक्षिततेचाच होता.

त्या मुठीपर्यंत पोहोचायचे तर उजव्या हातातली स्टिक (विमान वळवण्याचा दांडा) सोडायची, खांद्याचा पट्टा सैल करायचा, डावीकडे पार काटकोनात वळायचे आणि मग मूठ फिरवायची. पाय लांब करून बसा आणि उजवा हात डाव्या खांद्यामागे नेऊन पाहा. उजवा पाय नकळत रेटा देतो. विमानात त्या पायाखाली सुकाणूचे पेडल असते. तपास अधिकाऱ्यांनी हे स्वतः करून पाहिले, तेव्हा त्यांचाही पाय पेडलवर दाबला गेला.

डेन्व्हर यांना ही अडचण ठाऊक होती. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी उड्डाणापूर्वी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे विमानतळावर एका तंत्रज्ञाच्या मदतीने त्यांनी मुठीला पक्कड लावून ती लांबवता येते का तेही पाहिले, जमले नाही. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्या मागच्या आसनाजवळ, त्याही खुणांविना, म्हणून तंत्रज्ञाने त्यांना आरसा दिला. इंधन भरून घेण्यास मात्र, तासाभराचेच उड्डाण आहे असे सांगून, त्यांनी नकार दिला. सुमारे २,७०० तासांचा अनुभव असलेल्या या वैमानिकाची नव्या विमानाशी ओळख आदल्या दिवशीची, जेमतेम अर्ध्या तासाची होती. पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ, काहीशे फुटांवर असताना इंजिनाचा आवाज मंदावल्याचे लोकांनी ऐकले आणि विमान समुद्रात कोसळले.

सांगाडा कच्चा होता म्हणून विमान पडले, असे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने म्हटलेले नाही. कॉक फिरवण्याच्या धडपडीत लक्ष विचलित होऊन उजवे पेडल दाबले गेले आणि विमान ताब्याबाहेर गेले, असा त्याचा निष्कर्ष आहे. अपुरे इंधन, अपुरा सराव आणि कॉकची जागा यांनाही त्याने जबाबदार धरले. माझ्या मते घरच्या बांधणीपेक्षा विमानाचा मालक बदलणे अधिक घातक ठरले. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची प्रत्येक खोड माहीत असते, विकत घेणाऱ्याला ती हवेत गेल्यावर कळते. याच मंडळाने २०११ साली अशा विमानांचे जे अपघात अभ्यासले, त्यांतलीही निम्म्याहून अधिक विमाने चालवणाऱ्याने बांधलेली नव्हती, वापरलेली म्हणून विकत घेतलेली होती.